सुभेदार रामजी सकपाळ आणि दरमहा पन्नास रुपये

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी आम्ही परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र मुलांना सांगतो. त्या चरित्राच्या पहिल्याच पानावर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव येते; महू, लष्करी छावणी, चौदावे अपत्य, एवढे सांगून झाले की ते मागे पडते आणि कथा कोलंबिया विद्यापीठाकडे धावू लागते. या धावपळीत एका पित्यावर अन्याय होतो, असे आम्हांस अनेक वर्षे वाटत आले आहे. मुलाला शिकवायचे म्हणजे दर महिन्याला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आमच्या वसतिगृहाच्या दारी मुलाचा हात धरून उभ्या राहिलेल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. सुभेदारांना तो आयुष्यभर सुटला नव्हता. त्यांच्यापाशी त्याचे जे एकमेव खात्रीचे उत्तर होते, ते म्हणजे लष्कराचे निवृत्तिवेतन, दरमहा पन्नास रुपये. सुभेदारांचे चरित्र आम्ही येथे त्या पन्नास रुपयांच्या अंगाने सांगणार आहोत.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळचे आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हेही पलटणीतच होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला जे लढले, त्यांच्यापैकी अनेकांची नावे तेथील स्तंभावर आजही वाचता येतात. कोकणातील कितीतरी घरांत बाप पलटणीत, मुलगा पलटणीत, अशी परंपरा पडली होती. तिचे कारण केवळ शौर्य नव्हते. गावात महाराला वतन होते, पण त्या वतनाचा अर्थ काय होता? रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी, आणि मोबदल्यात बलुते, म्हणजे खळ्यावर उभे राहून मिळेल तेवढे धान्य. किती द्यायचे हे देणारा ठरवी, आणि मागणाऱ्याने हात पसरावा लागे. पलटणीत मात्र महिन्याच्या महिन्याला रोख पगार होता. १८९५ पूर्वी साध्या शिपायाला दरमहा सात रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण ती ठरलेली होती, आणि ती घेताना कोणाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागत नसे. हा फरक ज्याने वतन भोगले त्यालाच कळतो. पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच जाणिवेतून.

पलटणीने दुसरी एक गोष्ट दिली, ती शिक्षण. लष्करी छावण्यांतून शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी शाळा चालत. बाहेरच्या गावशाळेत ज्यांना ओटीवरही चढू देत नसत, त्यांच्या घरच्या मुली येथे अक्षरे गिरवीत. रामजी या व्यवस्थेत वाढले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. या सुभेदारांच्या हाती बहुतेक काळ पुस्तक होते. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत त्यांची चांगली गती होती. महात्मा फुल्यांच्या कार्याबद्दल त्यांना नितांत आदर होता. ते कबीरपंथी होते. मद्य आणि मांस त्यांना वर्ज्य होते. पहाटे उठणे, मुलांना जवळ बसवून पाठ म्हणून घेणे, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

त्यांचा विवाह मुरबाडच्या एका लष्करी घराण्यातील भीमाबाईंशी झाला. त्या घरचे पुरुषही पलटणीतच हुद्द्यावर चढलेले होते. रामजी आणि भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली, त्यांतील पाच जगली: बळराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेला भीमराव. हा मुलगा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी पेन्शनीत निघाले.

निवृत्तिवेतन म्हणजे काय, याविषयी आमच्या समाजात अजूनही थोडा गोंधळ आहे, म्हणून दोन शब्द येथे लिहितो. ते बक्षीस नव्हे आणि दयाही नव्हे. उमेदीची वर्षे सेवेत गेली, त्या वर्षांच्या वेतनाचाच एक भाग सरकारने मागे ठेवला आणि हात थकल्यावर तो हप्त्याहप्त्याने परत केला, असा त्याचा व्यवहार आहे. पन्नास रुपये हा आकडा आज क्षुल्लक वाटतो. पण त्या काळच्या शिपायाच्या पगाराशी तो ताडून पाहावा: सुभेदारांची पेन्शन ही शिपायाच्या पगाराच्या सातपट होती. शाळेतील शिस्त, हिशेब, लिहिणेवाचणे यांच्या बळावर त्यांनी जो हुद्दा मिळवला, त्याची ती किंमत होती.

पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब दापोलीला आले. दापोलीचा कॅम्प हे तेव्हा कोकणातील लष्करी पेन्शनरांचे जणू गावच झाले होते. या वस्तीचे महत्त्व आमच्या इतिहासात जितके सांगायला हवे तितके सांगितले जात नाही. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर तेथेच राहत. अस्पृश्यतेविरुद्ध वृत्तपत्रांतून लिहिणारे आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध करणारे ते हेच. दापोलीच्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसू द्यावे म्हणून १८९२ पासून सरकारदरबारी अर्ज केले. हे धाडस त्यांना कोठून आले, असा प्रश्न आम्ही अनेकदा स्वतःला विचारला आहे. वतनदार महाराने असा अर्ज केला असता तर दुसऱ्याच दिवशी त्याचे बलुते बंद झाले असते, त्याची गुरे गायरानातून हाकलली गेली असती. पेन्शनराचे बलुते कोण बंद करणार? त्याचा पैसा सरकारी खजिन्यातून येत होता. गावाच्या रागलोभाबाहेरचे उत्पन्न ज्यांच्या हाती होते, अशी आपल्या समाजातील पहिली माणसे हे पेन्शनर होते. आपल्या चळवळीचा पहिला आवाज त्यांच्यातून उठला, हा योगायोग नव्हे.

आणि नेमक्या याच वेळी पलटणीचे दार बंद झाले. काही जाती जन्मतःच लढवय्या आणि काही नाहीत, अशी एक कल्पना त्या काळच्या इंग्रज सेनापतींच्या डोक्यात पक्की झाली होती. तिच्या आधारे १८९२च्या सुमारास महारांची भरती थांबवण्यात आली. ज्यांच्या बापांनी आणि आज्यांनी त्याच सरकारसाठी रक्त सांडले होते, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही सैनिक होण्यास योग्य नाही. रामजी तेव्हा सेवेच्या अखेरीस आले होते. त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीला या हुकुमाचा धक्का लागणार नव्हता. तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे गेले आणि या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार करवून घेतला. वलंगकरांनीही पेन्शनरांच्या वतीने असाच अर्ज सिद्ध केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत मागणी पोहोचवली. दार उघडले ते पहिल्या महायुद्धात. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ साली मोडण्यात आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा कोठे ही परंपरा पुन्हा जुळली. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत किती घरांत पगार आला नाही आणि म्हणून किती घरांत पेन्शन आली नाही, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मुलगा शिपाई झाला नाही तर नातू छावणीच्या शाळेत जात नाही. एक दार बंद झाले की त्यामागची तीन दारे आपोआप बंद होतात.

सुभेदारांच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ होती आणि शिकणारी मुले होती. पन्नास रुपयांत ते भागेना, म्हणून ते पुन्हा नोकरीस लागले आणि कुटुंब साताऱ्यास आले. तेथे १८९६ साली भीमाबाई निवर्तल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा होता. रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाचे काम काढले होते, तेथे रामजी रोखपाल म्हणून गेले. १९०१च्या उन्हाळी सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली. त्यांचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. मसूर स्थानकावर उतरलेल्या त्या नीटनेटक्या मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. रात्रभर त्यांना पिण्याचे पाणी मिळाले नाही. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्यातील एवढेच लक्षात आणून देऊ इच्छितो की सुभेदाराचा हुद्दा, सरकारी पेन्शन आणि सरकारी नोकरी हे तिन्ही पदरी असलेल्या माणसाच्या मुलांवर ही वेळ आली होती. भाडे दुप्पट देण्याइतका पैसा त्यांच्या खिशात होता. पैशाने पाणी मात्र मिळाले नाही. निवृत्तिवेतनाचा महिमा सांगताना त्याची ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

साताऱ्याची नोकरी संपल्यावर १९०४ साली रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, जळाऊ लाकडे, जाते, बकरी आणि सारे कुटुंब. येथून पुढे घराचा आधार मुख्यतः त्या पन्नास रुपयांचा. दोन्ही मुलांना शिकवणे झेपेना, म्हणून आनंदरावांचे शिक्षण थांबले आणि ते कामाला लागले. हा निर्णय त्या बापाला किती जड गेला असेल! बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी त्याग केलेल्यांची नावे घेताना आनंदरावांचे नाव आम्ही विसरू नये. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. जागा इतकी अपुरी की बापलेक दोघे एकाच वेळी नीट झोपू शकत नसत. त्यावर सुभेदारांनी लष्करी पहाऱ्यासारखा उपाय काढला. मुलाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. घासलेटच्या चिमणीच्या उजेडात तो मुलगा उजाडेपर्यंत वाचीत बसे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सुभेदारांनी त्याच्याकडून आधीच घोटून घेतली होती.

मुलाला पाठ्यपुस्तकांपलीकडची पुस्तके हवी असत, आणि त्यांपायी घरचा हिशेब दर महिन्याला कोलमडे. आमच्या मते सुभेदारांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग कोणत्याही रणांगणावरचा नाही. तो परळच्या रस्त्यावरचा आहे आणि तो एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडला. भीमरावाने एखादे पुस्तक मागितले की हातात पैसे नसलेले सुभेदार पागोटे बांधून बाहेर पडत. प्रथम धाकट्या मुलीच्या घरी जात आणि तिच्यापाशी काही रुपये आहेत का, असे विचारीत. तिच्याजवळ नसले तर थोरलीकडे जात. ती आपल्या अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो दागिना सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि महिना भरून पेन्शन हाती आली की सुभेदार आधी सावकाराकडे जाऊन दागिना सोडवीत आणि मुलीला परत नेऊन देत.

या व्यवहाराकडे थोडे थांबून पाहावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. सासरी नांदणाऱ्या मुलीने बापाला दागिना दिला, कारण तो परत येणार याची तिला खात्री होती. ही खात्री बापाच्या शब्दाची होती, तशी त्या पेन्शनीचीही होती. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्याच्या भरवशावर आजचे पुस्तक घेता येत नाही. त्याचा पुढचा महिना त्याच्या हातात नसतो. सुभेदारांचा पुढचा महिना त्यांच्या हातात होता. पन्नास रुपयांत पुस्तके बसत नव्हती, पण पन्नास रुपये येणारच, या एका गोष्टीवर पुस्तके आली. मंजुळाबाई आणि तुळसाबाई यांच्या त्या दागिन्यांचे पुढे काय झाले, ते आता कोण सांगणार?

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाई सून म्हणून घरी आल्या. कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींच्या मध्यस्थीने महाराजा सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे सुभेदारांच्या पेन्शनीला तिच्या निम्म्याची जोड मिळाली. बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत गेले. एक खोली घरासाठी, दुसरी अभ्यासासाठी. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी निघाले. म्हाताऱ्या सुभेदारांना हे पसंत नव्हते. संस्थानात मुलाच्या वाट्याला अपमान येतील, अशी त्यांना भीती वाटत होती. ती पुढे खरी ठरली.

बडोद्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना भीमराव सुरतेच्या स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा सुभेदारांचा प्राण केवळ मुलाच्या वाटेकडे लागला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.

सुभेदारांबरोबर त्यांची पेन्शनही संपली. त्या काळी सेवेचे निवृत्तिवेतन त्या माणसाच्या हयातीपुरतेच असे. रणात पडलेल्याच्या वारसांची गोष्ट वेगळी, पण घरी अंथरुणावर गेलेल्या पेन्शनराच्या मागे त्याच्या कुटुंबाला काही मिळत नसे. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. मागे राहिलेल्या रमाईने आणि घरच्यांनी ती वर्षे कशी काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. शिष्यवृत्तीतून वाचवून पाठवलेल्या रकमेवर आणि कष्टांवर. ज्या घराने वीस वर्षे महिन्याची ठरलेली रक्कम पाहिली होती, त्या घरात ती अचानक बंद झाली.

आज कायदा बदलला आहे. सैनिकाने पंधरा वर्षे सेवा केली की त्याला निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याच्या मागे पत्नीला कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळते. आमच्या शाळेच्या पालकांत सैनिकांची आणि माजी सैनिकांची घरे आहेत, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट येथे लिहिण्यास संकोच करीत नाही. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सेवेच्या कागदपत्रांत बरोबर नोंदलेली आहे की नाही, हे सैनिक हयात असतानाच पाहावे. एखाद्या अक्षराच्या चुकीमुळे विधवा मातेला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. अशा वेळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे; दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. आणखी एक. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्यांतील फार तर चौथा हिस्सा पुढे कायम केला जातो. उरलेल्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. मुलाला भरतीच्या मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनी हा फरक समजून घेऊन मगच पुढचा विचार करावा, आणि त्या चार वर्षांत त्याचे शिक्षण तुटू देऊ नये.

सुभेदार गेल्यावर दहा वर्षांनी, १९२३ साली, बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचे मूल्य कशावर ठरते, तो स्थिर कसा ठेवावा, याची चिकित्सा करणारा तो ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.